कपाशीआडची चवळी

(स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत पहिल्या वेचणीचा कापूस आढ्याला टेकलेला. आत चटईवर सहा वर्षांची मुलगी झोपलेली.)

सासू : म्हणजे सगळ्या रानावर फवारलंस?

नवरा : सकाळीच उरकलं. बोंडअळीला आता पळायला जागा नाही. तू अशी पांढरी का पडलीस?

सासू : वय झालं. पडायचंच पांढरं.

सून : आई, सांगून टाका.

सासू : तू गप. काय रे, मधल्या भागातही फवारलंस?

नवरा : कपाशीला मधला भाग वेगळा असतो होय?

सून : अहो, मध्ये चवळी आहे. चार ओळी. बांधावरून दिसू नये म्हणून आम्ही कपाशीच्या आड लावली.

नवरा : माझ्यापासून लपवून?

सासू : गेल्या साली उघड्यावर लावली होती. कापसाचं खत खाते म्हणून तूच उपटलीस. कापसाचा उतारा वाढला तुझा, चांगलं झालं. पोरीच्या अंगातलं रक्त मात्र कमी झालं. डॉक्टरीण म्हणाली, शेंगा द्या, पालेभाजी द्या. तिला काय सांगू, आमच्याकडे कापूस मुबलक आहे?

सून : ते भांडण नंतर. अहो, पोरगी मघाशी त्याच शेंगा तोडून आली. कच्च्याच खाल्ल्या आणि या वेळी कधी झोपत नाही ती, झोपलीय.

नवरा : नुसती झोपलीय ना? उलटी? तोंडातून लाळ?

सून : नाही. अंग गार लागतंय. का माझेच हात गार पडलेत, कळत नाही मला.

नवरा : थांब. घाबरू नकोस. त्या ओळी मी सोडल्यात.

सासू : कुठल्या?

नवरा : चवळीच्या. महिनाभर डब्यात चवळी येतेय. मला काय वाटलं असेल, कपाशीला शेंगा धरल्या?

सासू : मग आत्तापर्यंत वेड पांघरून का बसला होतास?

नवरा : उपटणारा मीच. कुठल्या तोंडाने विचारायचं?

सून : बसू द्या मला जरा.

सासू : एक सांग. वारा होता?

नवरा : असेल थोडाफार.

सासू : कुठून कुठे?





नवरा : पाठीमागून येत होता. आणि त्या ओळी माझ्या समोर होत्या. गाडी काढतो मी. फवारणीच्या औषधाची बाटली घ्या बरोबर, डॉक्टरीण विचारेल.

सासू : सूनबाई, आधी तिचे हात-तोंड धू. फ्रॉकही बदल, रानात तोच होता अंगावर.

सून : ऊठ गं बाळा. ऊठ, डोळे उघड. किती शेंगा खाल्ल्यास? खरं सांग, कुणी रागावणार नाही.

सासू : काय म्हणतेय?

सून : अर्ध्याच, म्हणते. अर्ध्या बाबांना ठेवल्यात.