स्पंजाचा हेडफोन

दादाच्या दहाव्याचं सांगतो. हसू आलं तर हसा, तिथं आईसुद्धा हसली होती.

दादाकडे वडिलांच्या वॉकमनचा हेडफोन होता, दोन्ही कानांना स्पंज असलेला. मधे कानात खुपसायचे आले, मग बिनवायरचे आले, तरी दादा मोबाइलला हाच जोडायचा. म्हणायचा, "वायर हाय म्हणून हरवत न्हाई. तू बस तुझे हुडकत." मला मात्र हात लावू देत नसे.

नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. म्हणजे दादाच्या मनात काहीतरी राहिलं होतं. मामा हात जोडून म्हणाले, "आईला सांभाळू." काका म्हणाले, "बहिणीचं लग्न थाटात करू." कावळे झाडावरच. ऊन चढलं, उपाशी आई रडायला लागली. मला राहवलं नाही. खिशातला हेडफोन पिंडाजवळ ठेवला आणि म्हणालो, "दादा, घे तुझा. तू गेल्यापासून मीच वापरायलोय."

एक कावळा उतरला. पिंडाला चोचही न लावता त्यानं हेडफोनचा एक स्पंज उपटला आणि उडून गेला.

गुरुजी म्हणाले, "हे शिवलं धरायचं का, मलाच कळंना."

आई डोळे पुसत हसली. "धरा गुरुजी. एक कान त्यानं नेला, एक धाकट्याला ठेवला."