परात्पराला हाक कशी मारायची?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे प्रमुख संपादक सर, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, भाषांतर मंडळातले माझे सहकारी आणि कधी एकदा चहा मिळतोय म्हणून दाराकडे बघणारे सज्जनहो,

मला दोन गोड शब्द बोलायला सांगितलंय. गोड बोलणं मला जन्मात जमलं नाही. सरांइतकं हे कोणाला ठाऊक असणार?

बारा वर्षं आम्ही ख्रिस्ती पवित्र शास्त्राचं नवं भाषांतर करतोय. त्यात एकाच शब्दावर आमचं वाजलं. मी लिहायची ‘देव’, सर तो खोडून लिहायचे ‘परात्पर’. का? तर म्हणे, देव हा शब्द उष्टा आहे. दगडालाही देव म्हणतात, चेंडू मारणाऱ्यालाही म्हणतात. अहो सर, उष्टा म्हणजे कोणाच्या तरी पोटात गेलेला! भुकेल्या माणसाला काय नुसतं घासलेलं ताट दाखवायचं?

मंडळात या शब्दावर मतदान होतं, त्याच दिवशी सर, तुम्ही मला मुद्रितं तपासायला छापखान्यात पिटाळलंत. परत येते तर ‘परात्पर’चा ठराव एकमताने मंजूर. एकमताने होणारच, दुसरं मत छापखान्यात होतं ना! टाळ्या नकोत, मला अजून राग आहे.

आमच्याकडे एक रीत आहे. उतारा झाला की बाहेरच्या चौघांना वाचून दाखवायचा आणि त्यांच्याच शब्दांत परत सांगायला लावायचा. मंदिरात मागे उभा राहून छाती पिटणाऱ्या माणसाचा उतारा होता. चौथा माणूस आला नाही. वहिनी डबा द्यायला आल्या होत्या, त्यांनाच बसवलं. मी वाचलं, ‘हे परात्परा, मज पाप्यावर दया कर.’ वहिनींनी परत सांगितलं, “तो बिचारा म्हणाला, देवा, चुकलो रे, मला पदरात घे.”

सर म्हणाले, “घरचं माणूस आहे, हे उत्तर धरू नका.” वहिनी, तुम्ही डबा ठेवून निघून गेलात. त्या दिवशी मला सरांचा इतका संताप आला होता, की काय सांगू!

आता जे सांगतेय ते आजवर कोणाला बोलले नाही. गेल्या वर्षी सरांच्या छातीत कळ आली ती ऑफिसातच. गाडीत शेजारी मी होते. सर, माझा हात घट्ट धरून तुम्ही दवाखान्यापर्यंत काय म्हणत होतात? परात्परा? नाही हो! “देवा, अरे देवा, सोडू नकोस.” तेव्हा नाही का तो शब्द उष्टा झाला? आणि ज्याला हाक मारलीत त्यानं ती ऐकली, म्हणून तर आज हा गुच्छ घ्यायला बसला आहात.

सोमवारी पुस्तक छपाईला जाईल. तोवर शेवटचा शब्द तुमचाच आहे. गाडीतल्या माणसाला विचारा आणि ठरवा.

आयोजकांनी हिंमत करून माझ्या हाती माइक दिला, त्यांचे आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर क्षमा करावी. सरांनी नाही केली तरी चालेल. ज्याच्याकडे मागायची, त्याला हाक कशी मारायची ते आम्हां दोघांनाही माहीत आहे.