डॉक्टरांआधीची तालीम

मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट बघत बसलेल्या शिंप्याने तो आवाज लगेच ओळखला. याच नटीसाठी तरुणपणी त्याने एकेक सिनेमा पुन्हापुन्हा पाहिला होता. आता ती म्हातारी होऊन त्याच्या पुढच्याच बाकावर, लेकीशेजारी बसली होती.

"आई, आज वार कुठला?"

"बुधवार."

"अगं, असं घोकल्यासारखं नको. जरा आठवून सांगितल्यासारखं कर."

"मला अभिनय शिकवतेस? बरं. आज... बुधवार, नाही का?"

"छान! महिना?"

"मार्च. पण त्यांनी मध्येच भलतंच काही विचारलं तर?"

"तर गोड हसायचं. तुझ्या हसण्यावर सगळे भुलतात."

"संवाद विसरले की मी तेच करायची. पण तेव्हा शॉट पुन्हा घ्यायचे गं."

"घाबरू नकोस."

"पदर तर माझा तूच घट्ट धरलायस."

शिंप्याने आजचा वार मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला.

दार उघडून नर्स म्हणाली, "आजी, या आत. सोबत कोण आलंय तुमच्या?"

तिने वळून लेकीकडे नीट पाहिलं.

"सांग ना, आई."

ती हसली. पडद्यावर हसायची, अगदी तश्शीच.