कैदेतला कोबी

बसमध्ये पुढच्या सीटवर आई आणि तिचा लेक बसले होते. मागच्या सीटवरच्या शिंप्याला डुलकी लागत होती, पण त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि झोप उडाली.

“बाबांबरोबर युद्धकैदेत असलेल्यांपैकी ते एकटेच हयात आहेत, आई. बाबांवरच्या पुस्तकासाठी त्यांना भेटणं भागच होतं.”

“भेटलास ना? मग आता गप्प बस.”

“मी फक्त छावणीतल्या जेवणाचं विचारलं.”

“आणि ते म्हणाले, रोज उकडलेले बटाटे. कोबी तिथे औषधालाही नव्हता.”

“विसरले असतील.”

“स्वयंपाकाला तेच होते, विसरतील कसे? लग्नानंतर पहिल्यांदा कोबी केला, तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणे, शत्रूने हाच खायला घालून छळलं. मी जन्मात पुन्हा कोबी चिरला नाही.”

“तुझं मन राखलं त्यांनी.”

“भाजी बिघडली, असं सरळ सांगायचं होतं.”

“तुला सांगायचं? त्यापेक्षा पुन्हा कैद परवडली असती त्यांना.”

शिंप्याला ठसका लागला.

“मग पुस्तकात काय लिहू? बटाटे?”

“कोबीच लिही. शत्रूचं नाव खराब झालं तर होऊ दे, माझ्या हाताचं व्हायला नको.”