पंचवीस गड आणि एकही ओरखडा नाही

…नाही, मी म्हणतो, अंगावर ओरखडा नसणं हा काय गुन्हा आहे का हो? माणसानं बावन्न वर्षं स्वतःला जपलं, हेल्मेट घातलं, जिना उतरताना कठडा धरला, कैरी चिरताना बोटं मागे घेतली, याचं कुणी कौतुक करेल की नाही? छे! आमच्या ग्रुपमध्ये मला तोंड पाडून विचारतात, 'काका, तुमचं काहीच नाही?' काहीच नाही म्हणजे? मी काय कोरा पेपर देऊन आलोय?

तुम्हाला सांगतो, मी चाकणला एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. गाड्यांचे पार्ट बनतात. सत्तावीस वर्षं माझं काम एकच, पार्ट हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा आणि ओरखडा दिसला की लाल टॅग लावून रिजेक्शनच्या पेटीत! दुकानदार नवीन मोबाइल दाखवायला लागला की आमची सुहासिनी त्याला आधीच सांगते, 'दुसरा पीस काढूनच ठेवा, हे बघणार आहेत.' असा मी! आणि पडलो कुठे, तर थेरगावच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये, जिथं ओरखडा म्हणजे दागिना!

पद्धत ऐका त्यांची. वर पोचायचं, भाकरी खायची, आणि मग गोल बसून एकेकानं आपली खूण दाखवायची. आम्रपाली, म्हणजे आमची लीडर, भोसरीत डाय डिझाइनला आहे, ती हनुवटीवरचे चार टाके दाखवते, 'हा राजमाची, उतरताना.' सगळे वाऽऽ म्हणतात. मग आयटीतला क्षितिज, तो बाही वर करतो, 'आणि हा कडा, दोर सुटला होता!' आता मी काय करू, सवय! चष्मा वर केला, हात उजेडाकडे फिरवला आणि तोंडातून निघूनच गेलं, 'हा दगडाचा नाही. कड सरळ आहे. पत्र्याचं काम आहे हे.' क्षितिजनं बाही खाली ओढली! खोदून विचारल्यावर निघालं काय, तर सोसायटीच्या लिफ्टचं दार! त्या दिवसापासून मला खूण दाखवायची वेळ आली की सगळ्यांत मोठ्यानं क्षितिजच ओरडतो, 'काकांचा पीस एकदम ओके! ओरखडा नाही अंगावर!'

बरं, एवढ्यावर भागलं असतं. पण पंचवीस गड झाले की डांगे चौकात जाऊन टॅटू काढायचा, हा नियम. आणि टॅटू कसा, तर तुमच्या जखमेची जी रेघ असेल तीच डोंगराची कड धरायची आणि तिच्याखाली गड काढायचा. जखम नाही तर कड नाही, कड नाही तर गड नाही! आणि माझे चोवीस झालेले!

हसू नका. खरं सांगू? मला हवा होता हो तो टॅटू. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या मालावर शिक्के मारले, माझ्यावर कुणी मारलाच नाही. हा माणूस आमच्यातला, असं कुणीतरी माझ्याही अंगावर लिहावं, एवढीच इच्छा. फार आहे का? पण नाही! ओरखडा नाही!

मग मी ठरवलं, ओरखडा करून घ्यायचा. पण करायचा तर पद्धतशीर. जागा ठरवली, डाव्या पोटरीची बाहेरची बाजू. लांबी पन्नास मिलिमीटर, कमी-जास्त पाच. शनिवारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. डॉक्टर म्हणाले, 'जखम बघू.' मी म्हटलं, 'उद्या होणार आहे.' त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सुहासिनीकडे बघितलं… आणि सुहासिनी बाहेर जाऊन बसली. रविवारी पहाटे बॉलपेननं पोटरीवर रेघ मारली, दोन्ही टोकांना खुणा केल्या, आणि निघालो. पंचविसावा गड, तुंग.

आता दौलतरावांचं सांगतो, त्यांच्याशिवाय पुढचं नाही. मावळातला माणूस, बावीस वर्षं फौजेत, हवालदार म्हणून रिटायर झाले आणि आता चाकणलाच एका कंपनीत सिक्युरिटीला आहेत. ट्रेकला सगळ्यांत मागे चालतात, कुणी राहू नये म्हणून. त्यांच्या डाव्या हातावर आतल्या बाजूला गोंदलंय, 'रणजीत'. जुनं, हिरवट पडलेलं. गोल बसल्यावर त्यांची पाळी आली की म्हणायचे, 'आमचं ऱ्हाऊ द्या.' आणि कुणी विचारायचं नाही.

तर तुंगच्या वरच्या पायऱ्या! एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सगळं मोकळं. मला हवा तसा दगड दिसला, खरबरीत, कड चांगली. सगळे पुढे गेले असं बघितलं, मागचे दौलतराव विसरलोच, पँट वर केली आणि घासली पोटरी. काही नाही! नुसतं पांढरं! दुसऱ्यांदा जरा अंग टाकून घासली… आणि उजवा पाय सुटला! आई गं! मोकळ्या बाजूला निम्मा मी गेलोच, आणि मागून दौलतरावांनी उजव्या हातानं माझी कॉलर धरली आणि डावा हात कातळाच्या खाचेत घातला, आणि तो हात खर्रकन घसरत खाली आला माझ्या वजनानं… पण सोडलं नाही. सोडलं नाही हो त्यांनी.

वर ओढलं मला. आणि मला काय झालं? काही नाही! ओरखडा नाही! बॉलपेनची रेघसुद्धा जशीच्या तशी!

आणि दौलतरावांची बाही फाटलेली, कोपरापासून मनगटापर्यंत रक्त. आम्रपाली धावत आली, पाणी ओतायला लागली. तर हा माणूस जखम बघेचना. अंगठ्यानं रक्त पुसतोय आणि अक्षरं शोधतोय. र दिसला, ण दिसला… पुढं सगळं लाल. मला वाटलं, संपलं! माझ्या पन्नास मिलिमीटरपायी मी या माणसाचं काय पुसून टाकलं! आम्रपालीनं विचारलं, 'काका, पाय घसरलाच कसा?' आणि तिची नजर माझ्या पोटरीवर गेली. मी सगळं सांगून टाकलं, इंजेक्शनसकट. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग दौलतराव पहिल्यांदा बोलले. 'रणजीत आन् मी एका दिवशी भरती झालो. सुट्टीत बाजारात बसून एकमेकांची नावं गोंदली. त्यो बर्फातून परत न्हाई आला. त्याच्या हातावरचं माझं नाव त्याच्यासंगंच गेलं. ऱ्हायलं ह्ये येवढंच.' मी रडायलाच लागलो. तर मला म्हणतात, 'मुकुंदराव, रडताय कशापायी? रणजीत असता तर माझ्या आदी त्यानंच हात घातला असता. लई खोड व्हती त्याला.'

दीड महिना गेला. जखम भरली. नाव राहिलं, देवाची कृपा, पण त्याच्यावरून ही लांब तिरकी रेघ गेली, ती गेलीच. आणि एका रविवारी दौलतराव स्वतः मला मोटरसायकलवर बसवून डांगे चौकात घेऊन गेले. टॅटूवाला म्हणाला, 'काका, जखम दाखवा.' मी म्हटलं, 'नाही.' दौलतरावांनी स्वतःची बाही वर केली आणि हात त्याच्यापुढं टेकवला. 'ही त्यांचीच हाय. छाप हिच्यावरनं.' त्यानं कागद ठेवून रेघ उतरवली आणि माझ्या हातावर तुंग काढला. दुखलं का? दुखलं ना! पण मी हूं का चूं केलं नाही, शेजारी तो माणूस बसलेला!

पण आता वेगळाच ताप आहे. ग्रुपमध्ये नवीन कुणी आलं की दौलतरावांना विचारतं, 'हे कुठं, सीमेवर?' बावीस वर्षं फौजेतला माणूस, सांगण्यासारखं पोतंभर, पण त्यातलं एक अक्षर काढणार नाहीत. माझ्याकडे बोट! 'ह्ये? ह्ये मुकुंदरावांचं.' आणि सुरू! पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी अठ्ठ्याहत्तर किलोचा होतो, जो मी आहे. संक्रांतीपर्यंत नव्वदचा झालो. मागच्या रविवारी एकशे दहा! लोक माझ्याकडे बघतात, मग दरीकडे बघतात, मग दौलतरावांच्या पाया पडतात. चुकीचं माप कानावर पडलं की माझा जीव तळमळतो, पण बोलणार कुठल्या तोंडानं?

परवा शिफ्टला निघालो तर डब्यात चारऐवजी दीड पोळी. सुहासिनीला विचारलं, 'हे काय?' तर म्हणाली, 'दौलतराव भेटले होते बाजारात.'

खाल्ली. दीड तर दीड.