आप्पारावाचं थोरलं शीड

...अन् वर म्हणत्यात, बाईमाणसाला नावंतलं काय कळतंय! आता तुमीच सांगा, वारं सुटल्यावर लुगडं वर खोचावं का मोकळं सोडावं, हे बाईला न्हाई कळायचं तर काय पटकेवाल्याला कळायचं? पर आमच्या भिवराबाईचं नशीबच तसलं, भाऊ मिळाला आप्पाराव! माणूस वाईट न्हाई हो... पर मान! सुपारी डाव्या हातानं दिली म्हणून ह्यानं पोराची, शहादेवाची, पहिली सोयरीक मोडली. दुसरी कावून मोडली, तर पाटाभोवती रांगोळी काढली न्हाई म्हणून! बिनआईचं पोर, भिवराबाईनं, आत्यानंच, अंगाखांद्यावर वाढवलेलं, त्याची मिसरूड फुटून पिकायला आली, अन् आता ही तिसरी सोयरीक गंगेपल्याडची. व्याह्यानं निरोपच धाडलेला, "गोरज मुहूर्त टळला तर पोरगी दुसऱ्याला. दुसरा नवरदेव मांडवात आणून बसवलाय." म्हंजे आज न्हाई तर कधीच न्हाई!

अन् दिवस कसले, तर जेठ सरलेला, गंगेला नवं पाणी, वारं असं की हलगीवाल्यानं हलगी नुसती वर धरली तर आपली आपण वाजायची. नावाडी धुळाजी शहाणा. त्याच्यापाशी दोन शिडं, एक थोरलं, गाडीच्या पालाएवढं, अन् एक धाकटं, जाड्याभरड्या कापडाचं, असल्याच वाऱ्यासाठी. त्यानं धाकटं काढलं मात्र...

"ये बे धुळ्या! हे काय लंगोट चढवायलास? तहसीलदारसाब मला खुर्ची देतो, अन् तू मला हे फडकं देतोस? पल्याड व्याही उभा हाय!"

"मालक, वारं लई हाय."

"वाऱ्याला सांग, आप्पाराव आलाय!"

घ्या! वारं काय व्याही हाय का, मान राखायला?

चढवलं थोरलं, अन् काय सांगू बायांनो, नाव अशी कलली की उजव्या अंगाचं वऱ्हाड गंगेत हात धुवायलं अन् डाव्या अंगाचं त्यांच्या मांडीवर जाऊन बसलं, लाडवाची दुरडी इकडून तिकडं, हलगीवाला हलगीखाली, नवरदेवानं बाशिंग दातात धरलेलं, अन् आप्पारावाचा पटका सुटून दहा हात लांब फडफडतोय... भिवराबाई वरडली, "दादा, शीड आवरायला सांग!"

"शिडाची एक वीत जरी कमी झाली, तर मी हितूनच माघारी फिरंन!"

हितून म्हंजे कुठून? गंगेच्या मधोमधून! फिर म्हणावं, माशावर बसून फिर! वारं काय व्याही हाय का, रुसलास तर समजूत काढायला?

पर भिवराबाईला भाऊ लहानपणापासनं तोंडपाठ. आवाज केला मऊ, लोण्यासारखा. म्हणली, "दादा, मला आपलं वाटतंय हां... मानाची माणसं अशी धावत येत्यात का? व्याही म्हणंल, नवरीसाठी लई उपाशी दिसत्यात, कसे झेपावत आले बघा!"

आप्पाराव खाकरला. "धुळ्या! आवर बे ते शीड! आमाला काय पोरी मिळंनात व्हय?"

धुळाजीचे दोन्ही हात सुकाणूला, बाप्ये एकमेकाला कवटाळून बसलेले. मग उठली भिवराबाईच! दोर सैल करून शिडाचा बांबू खाली घेतला, शिडाचा खालचा काठ धरला, भाताच्या रोवणीला जाताना लुगडं गुडघ्यापत्तुर खोचावं तशा घड्या घालत वर घेतला, अन् शिडाला शिवलेल्या नाड्यांच्या गाठी अशा आवळल्या, अशा आवळल्या... की नाव सरळ! लाडू जागच्या जागी!

झालं म्हणता? कुठलं हो! आप्पारावाला डौलाची चटक लागली. "अजून बांध. अजून. राजे लोक कसे येत्यात?" बांधता बांधता शीड उरलं तोंड पुसायच्या रुमालाएवढं. मग गंगामाय म्हणली, या, माझ्यासंगं चला! नाव लागली धारेला. घाट समोर आला, व्याह्यानं रामराम घातला, ह्यानं बसल्या बसल्या रामराम घातला, अन् नाव आपली पुढं निघून गेली!

"सोडा रे शीड, सोडा!" भिवराबाई वरडायली. पर तिच्याच हातच्या गाठी, त्यात पाण्यानं फुगलेल्या, सुटत्यात व्हय? अन् गंगा तरी काय व्याही हाय का, थांब म्हणलं की थांबायला?

काठावर बघावं तर व्याही धोतर धरून पळतोय, त्याच्यामागं वाजंत्री, मागं मामाच्या खांद्यावर नवरी, मागं भटजी, काखंत अंतरपाट, धापा टाकीत "शुभमंगल... थांबा की वो... सावधान!" अन् सगळ्यात मागं तो दुसरा नवरदेव, आशेनं पळतोय बिचारा!

कोसभर खाली नाव वाळूत रुतली. शहादेवानं कुणाची वाट बघितली न्हाई, बाशिंगासकट मारली उडी. अर्धा सूर्य वर, अर्धा पाण्यात, तेवढ्यात पडल्या माळा! लागलं बाई एकदाचं लगीन. भिवराबाई वाळूत मटकन बसली अन् ढसाढसा रडली.

अन् आप्पाराव? ओला पटका पिळत आला बहिणीपाशी, छाती ही एवढी! "बघितलंस भिवरे? उभ्या गंगथडीत कुणाचा व्याही कोसभर पळत सामोरा आला न्हाई! आता सांग, जाताना कोणतं शीड चढवायचं, थोरलं का धाकटं?"

भिवराबाईनं पदरानं डोळे पुसले. म्हणली, "तुला आवडंल ते चढव दादा. मी म्हशीच्या शेपटीला धरून पोहत येते."