भंगारातल्या प्रिंटरचे रिपोर्ट

रक्ताचा रिपोर्ट हाती आल्याशिवाय मावशींच्या यजमानांना ऑपरेशनला घेणार नव्हते. मावशी रुग्णालयाच्या लॅबच्या खिडकीला चिकटून उभ्या होत्या. आत दोघे तंत्रज्ञ सर्व्हरशी झगडत होते.

"दादा, छपाईचा प्रोग्रामच सगळी मेमरी खातोय. बंद करू?"

"आधी खातोय काय ते बघ."

"जुन्या इमारतीतल्या प्रिंटरसाठीच्या प्रती. अकरा हजार. तो प्रिंटर दोन वर्षांपूर्वीच भंगारात गेला."

"आणि हा त्याच्यासाठी सांभाळून बसलाय? एकही गहाळ नाही?"

"एकही नाही. आजचे रिपोर्ट त्यांच्यामागे अडकलेत."

"आपल्याला सकाळची फाईल दुपारी सापडत नाही. बंद करू नकोस, आजचे पुढे घे."

प्रिंटर घरघरला.

"मावशी, हा रिपोर्ट तुमचाच ना?"

मावशींनी कागद दोन्ही हातांनी घेतला.

"हो रे बाबा. त्या आत दोन वर्षं कागद सांभाळत बसलेल्याला सांग, आता जरा पाठ टेक म्हणावं."